बालमनाची शुश्रूषा आणि घरची माणसे

इ. स. १९५२ च्या नोव्हेंबर महिन्यात लंडन येथील रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिन या मातबर वैद्यकसंस्थेपुढे जेम्स रॉबर्टसन नामक एका समाजसेवकाने स्वतः टिपलेला एक कृष्णधवल चित्रपट दाखविला, आणि तो संपल्यावर सभागृहात जी प्रतिक्रिया उमटली ती कौतुकाची नसून संतापाची होती. वस्तुतः संतापावे असे त्या चित्रपटात वरकरणी काहीच घडत नव्हते. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात ठेवलेली, लॉरा नावाची सुमारे अडीच वर्षांची मुलगी, दररोज ठरावीक वेळी चित्रित केलेली, एवढाच काय तो विषय. ती फारशी रडत नाही. मधूनच आईची चौकशी करते, ओठ घट्ट मिटून घेते. आई भेटीस आली म्हणजे तोंड फिरविते आणि घरी निघण्याच्या दिवशी आईचा हात धरावयासही नाकारते. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे पालकांना भेटीची मुभा अगदी तुटपुंजी असे, कित्येक ठिकाणी आठवड्यातून एकदाच. आणि त्यामागील युक्तिवाद असा की, आईबाप आले की मुले रडतात व गेले की अधिकच रडतात, सबब त्यांनी न आलेलेच बरे. रॉबर्टसनने दाखवून दिले ते असे की, आईपासून तुटलेले लहान मूल प्रथम आक्रोश करते, मग निराश होऊन गप्प बसते, आणि अखेर सर्वांपासून अलिप्त होते. आणि ज्या दिवशी वॉर्डातील सिस्टर समाधानाने म्हणते की मूल आता छान रुळले, त्या दिवशी ते बहुधा या दुसऱ्या किंवा तिसऱ्या अवस्थेत शिरलेले असते.

हा दाखला शस्त्रक्रियेच्या वॉर्डातला असला तरी बालकांच्या मानसिक शुश्रूषेचा विचार येथूनच सुरू करणे मला योग्य वाटते. कारण या शास्त्रात परिचारिकेला जे पहिले कौशल्य संपादन करावे लागते ते हेच की, शांतता आणि स्वास्थ्य यांत फरक करता यावा. मनोविकारग्रस्त मुलांच्या वॉर्डात खिडकीच्या काचा फोडणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष आपोआप जाते, त्याच्या नावाने चिठ्ठ्या लिहिल्या जातात, डॉक्टरांना बोलावणी जातात. परंतु कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, सांगितले ते निमूटपणे करणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीच्या कागदावर तीन पाळ्यांच्या तीन परिचारिका ‘रुग्ण शांत’ एवढेच दोन शब्द लिहून मोकळ्या होतात, आणि आत्मनाशाचा विचार कित्येकदा त्या दोन शब्दांच्या आडच वाढत असतो.

मानसोपचारतज्ज्ञ मुलाला दिवसातून अर्धा तास, फार तर एक तास भेटतो. उरलेल्या तेवीस तासांत मूल उठते, दात घासण्यावरून भांडते, जेवत नाही, दुसऱ्याचे खेळणे हिसकावते, अंथरूण ओले करते, रात्री दचकून उठते. आणि मनाचा आजार प्रकट होतो तो या घडामोडींतच. अल्बर्ट ट्रीशमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या निवासी बालोपचारावरील ग्रंथाच्या नावातच या तेवीस तासांचा उल्लेख आहे, आणि त्याचे प्रतिपादन असे की झोपण्याची, उठण्याची व जेवणाची वेळ याच उपचाराच्या खऱ्या वेळा होत. तत्पूर्वी, योगायोगाने रॉबर्टसनचा चित्रपट ज्या वर्षी दाखविला गेला त्याच वर्षी, हिल्डगार्ड पेपलाऊ या अमेरिकन परिचारिकेचा ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. परिचारिका आणि रोगी यांच्यामधील नाते हेच उपचाराचे साधन होय, हा त्याचा गाभा. परक्या माणसापासून आरंभ करून शिक्षिका, मार्गदर्शक, सल्लागार आणि प्रसंगी आईची किंवा बहिणीची प्रतिनिधी अशा भूमिका परिचारिका कशी पार पाडते याचे विवेचन त्यात आहे. ग्रंथ लिहून तयार असूनही काही वर्षे छापला गेला नाही, कारण कोणा डॉक्टराचे नाव सहलेखक म्हणून जोडल्याशिवाय परिचारिकेने असा ग्रंथ लिहावा हेच प्रकाशनक्षेत्राला धाडसाचे वाटले. यावर अधिक भाष्य नको.

परिचारिका पाहते म्हणजे नेमके काय करते? या प्रश्नाचे उत्तम उत्तर युद्धकाळातील लंडनमध्ये मिळते. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी बॉम्बवर्षावात घरदार गमावलेल्या मुलांसाठी हॅम्पस्टेड येथे जी बालगृहे चालविली, त्यांत प्रत्येक कर्मचाऱ्याने, मग तो शिक्षित असो वा अशिक्षित, मुलांविषयीची आपली निरीक्षणे कार्डांवर लिहून ठेवावीत अशी ताकीद होती. जेम्स रॉबर्टसन हा मुळात तेथील शेगड्या पेटविणारा कामगार. या नियमातून त्याचीही सुटका नव्हती, आणि पुढे जगाला पाहावयास शिकविणारी त्याची दृष्टी तेथेच घडली. या बालगृहांत दुसराही एक प्रयोग झाला. आरंभी सर्व मुलांची सर्व परिचारिका मिळून देखभाल करीत. पुढे मुलांचे चारपाच जणांचे छोटे कृत्रिम परिवार पाडून प्रत्येक परिवार एकेका परिचारिकेकडे सोपविण्यात आला. परिणाम चमत्कारिक झाला. आजवर शहाण्यासारखी वागणारी मुले ‘आपल्या’ बाईवरून एकमेकांशी झोंबू लागली, ती रजेवर गेली की आकांत करू लागली, वॉर्डाची शिस्त पार विसकटली. पण त्याबरोबरच त्यांचे बोलणे वाढले आणि मलमूत्राच्या सवयी भराभर सुधारल्या. नात्याची किंमत मत्सराने व रडण्याने चुकवावी लागते, आणि ती चुकविण्याची संधी मुलाला न देणारी संस्था केवळ कागदोपत्रीच सुव्यवस्थित असते.

ही किंमत परिचारिकेलाही चुकवावी लागते, आणि तिच्याविषयी फार थोडे बोलले जाते. लंडनजवळच्या हॅम येथील कॅसल रुग्णालयाचे प्रमुख टॉम मेन यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक अवघड सत्य नोंदविले आहे. परिचारिकांच्या गटाशी मोकळेपणाने चर्चा करता करता असे आढळून आले की, रोग्याला झोपेचे औषध बहुधा तेव्हा दिले जाई, जेव्हा परिचारिकेची स्वतःची सहनशक्ती संपलेली असे. दुःख, राग आणि अगतिकता असह्य होई तिला, आणि गोळी मात्र जाई रोग्याच्या पोटात. मेन यांनी हे दोषारोप म्हणून लिहिले नाही. त्यांचे म्हणणे असे की, या भावना बोलून दाखविण्यास जेथे जागा नसते तेथे त्या औषधाच्या, शिक्षेच्या किंवा अतिलाडाच्या रूपाने बाहेर पडतात. रोज एका मुलाकडून चावा घेतला जात असताना त्या मुलाविषयी मनात राग उद्भवणे हे अनैसर्गिक नाही. तो राग बरोबरीच्या सिस्टरजवळ अथवा मेट्रनजवळ पाळी बदलताना निःसंकोच सांगता येणे, ही चैन नसून कामाचा भाग आहे.

याच कॅसल रुग्णालयात १९४८ च्या सुमारास मूल घेऊनच येईन, एरवी येणार नाही, असा हट्ट एका मनोरुग्ण आईने धरला आणि तो मान्य झाला. तेथून पुढे आई व मूल, आणि कालांतराने संपूर्ण कुटुंब, एकत्र दाखल करून घेण्याची पद्धत तेथे पडली. मेट्रन डोरीन वेडेल यांच्या देखरेखीखाली परिचारिकांच्या कामाचे स्वरूपच यामुळे पालटले. मुलाला आंघोळ घालणे, भरविणे, झोपविणे ही कामे आईच्या हातून काढून घ्यावयाची नाहीत, तर आई ती करीत असता तिच्या शेजारी उभे राहावयाचे, आणि तिचा हात जेथे थरथरतो तेथे तेवढाच आधार द्यावयाचा. आपल्या हातांनी चटकन होणारे काम दुसऱ्याच्या हातून सावकाश होताना पाहात राहणे याला केवढा संयम लागतो, हे सुनेला पहिल्यांदा चूल सोपविणाऱ्या सासूला विचारावे.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत नागपाड्याला १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे जे विद्यालय निघाले, त्याने दुसऱ्याच वर्षी बालमार्गदर्शनाचे चिकित्सालय उघडले, आणि या देशातील संघटित बालमानसोपचाराचा आरंभ सामान्यतः तेथून धरला जातो. मानसिक शुश्रूषेच्या पदविकेचे शिक्षण बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत १९५६ च्या सुमारास सुरू झाले. ही संस्था म्हणजेच आजच्या निम्हान्सची पूर्वपीठिका. परंतु कुटुंबाच्या बाबतीत आपला मार्ग विलायतेहून निराळा होता. तेथे घरच्यांना आधी रुग्णालयाबाहेर काढले आणि मग युक्तिवाद, चित्रपट व चौकश्या यांच्या बळावर पुन्हा आत घेतले. इंग्लंडात १९५९ साली प्लॅट समितीने भेटीच्या वेळा मुक्त कराव्यात आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावे अशी शिफारस सरकारदरबारी केली, ती अंमलात यावयास आणखी कित्येक वर्षे गेली. आपल्या इस्पितळांत मात्र आजी, मावशी, डबा आणि वळकटी यांना पूर्णतः हद्दपार करणे कोणाला कधी साधलेच नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात फाळणीनंतरच्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी या वस्तुस्थितीचेच उपचारात रूपांतर केले. खाटा अपुऱ्या, माणसे अपुरी; तेव्हा त्यांनी आवारात तंबू ठोकून रोग्यांबरोबर नातेवाइकांना राहविले, त्यांच्याशी सामुदायिक बोलणी केली, आणि रोगी लवकर व अधिक संख्येने घरी परतू लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाने १९५७ साली सुरू केलेल्या मानसिक आरोग्यकेंद्रातही नातेवाइकाने रोग्यासोबत राहण्याची पद्धत पहिल्यापासून आहे. पाश्चात्त्यांनी जे सिद्धांताने मिळविले ते आपण अडचणीतून मिळविले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे कायद्यानेही यावर शिक्कामोर्तब केले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वये अज्ञान मुलाला मनोरुग्णालयात दाखल करावयाचे तर त्याची दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी केली पाहिजे; त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे; त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे बहुधा आईने किंवा बापाने, अथवा त्याने नेमलेल्या सोबत्याने संपूर्ण मुदतभर मुलाजवळ राहिले पाहिजे; मुलगी असून प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबतीस स्त्रीच हवी; आणि दाखल केल्याची वर्दी बहात्तर तासांच्या आत संबंधित मंडळाला पोहोचली पाहिजे. उलट बाजूनेही तरतूद आहे: आई स्वतः उपचारासाठी दाखल असेल तर तिच्या तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः तिच्यापासून तोडू नये. कायदा चांगला आहे. पण आई वॉर्डात खाटेशेजारी सतरंजी टाकून निजली, एवढ्याने कुटुंबाचा उपचार होतो असे समजणे म्हणजे पुस्तक उशाशी घेऊन निजल्याने विद्या येते असे मानण्यासारखे आहे. तिच्याशी बोलणारे कोणी हवे, आणि ते काम प्रायः परिचारिकेचेच.

दाखल होण्याच्या दिवशी जाणती परिचारिका रोगाची हकिकत विचारण्यापूर्वी मुलाची दिनचर्या विचारते. घरी हाक कोणत्या नावाने मारतात, कोणाजवळ निजतो, दिवा मालवलेला चालतो का, वरणभात कालवून लागतो की वेगळा, कोणते चिंध्या झालेले पांघरूण त्याला हातात हवे असते. हे शेवटचे पांघरूण रुग्णालयाच्या धुलाईत कदापि पाठवू नये. घर आणि परका मुलूख यांच्यामधील तेवढाच एक दुवा मुलाजवळ असतो. मग येते नोंदीचे काम. ‘मूल हट्टी आहे, आज फार त्रास दिला’ ही नोंद निरुपयोगी. तिने परिचारिकेचा वैताग कळतो, मुलाविषयी काहीही कळत नाही. उलट, न्याहारीनंतर आई खाली औषधे आणावयास गेली, पाचच मिनिटांनी मुलाने शेजारच्या मुलाचा पेला लाथाडला, दोन सिस्टर धावत आल्या व त्याला जवळ घेऊन बसल्या, अशी नोंद चार दिवस ओळीने झाली म्हणजे कारण, कृती व फळ यांची साखळी आपोआप उलगडते, आणि आई जाण्यापूर्वी मुलाला ती किती वेळात परतणार हे घड्याळात दाखवून सांगावे, एवढ्या साध्या उपायाने लाथाडणे थांबू शकते. औषधांच्या बाबतीतही हीच सावधगिरी. अतिचंचल मुलांना देण्यात येणाऱ्या मेथिलफेनिडेटने भूक मंदावते व उशिरा घेतल्यास झोप उडते. म्हणून ते सकाळी देणे, वजन व उंची नियमित मोजणे, आणि संध्याकाळी भूक लागेल तेव्हा भरपूर खाऊ घालावे असे आईला सांगणे ही कामे डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसली तरी परिचारिकेच्या मनात असली पाहिजेत.

आता सर्वांत नाजूक विषय, तो म्हणजे आईच्या माथी येणारा दोष. या बाबतीत वैद्यकशास्त्राचा इतिहास अभिमानास्पद नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे पहिले सुस्पष्ट वर्णन केले, आणि त्यानंतर दोन दशके, आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते ही कल्पना मोठमोठ्या पंडितांनी शास्त्र म्हणून मिरविली. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा एका मुलाचे वडील होते, या कल्पनेला पुराव्यानिशी आव्हान दिले व हा विकार जन्मजात, मेंदूच्या घडणीशी निगडित आहे असे मांडले. आज तेच मत सर्वमान्य आहे. आपल्याकडे पंडितांची तितकी गरज पडत नाही. सासरी ‘आईने लाडावून ठेवले’, माहेरी ‘बापाचा धाक नाही’, शेजारी ‘नजर लागली’, देवऋष्याकडे ‘बाहेरचे आहे’, आणि मोबाइल आल्यापासून त्याच्यावरही सर्व खापर. अशा चार दरबारांत जाबजबाब देऊन दमलेली बाई जेव्हा वॉर्डात येते, तेव्हा परिचारिकेच्या तोंडचा ‘घरी काय करता हो तुम्ही याला?’ हा निरुपद्रवी प्रश्नसुद्धा तिला पाचवा खटला वाटतो. ‘घरी तुम्हाला काय काय उपयोगी पडलं, ते सांगा ताई,’ असे विचारले तर तीच बाई दोन तास बोलते आणि उपयुक्त बोलते. देवऋष्याची चेष्टा करू नये. त्याच्याकडे गेलो होतो हे तिने सांगितले पाहिजे, नाहीतर तेथे धुरी, मार वा उपवास काय झाला हे आपल्याला कळावयाचे नाही.

दोष नाही, म्हणून बदल नको असा याचा अर्थ नव्हे. ऑरेगॉन राज्यातील जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांचे घरांत जाऊन निरीक्षण केले आणि एक सापळा वर्णिला, जो कोणत्याही किराणा दुकानासमोर पाहावयास मिळतो. मूल चॉकलेट मागते, आई नाही म्हणते, मूल जमिनीवर लोळते, चारचौघांत लाजून आई चॉकलेट देते, मूल गप्प होते. मुलाला लोळण्याचे बक्षीस मिळाले. आणि आईलाही देण्याचे बक्षीस मिळाले, कारण आरडाओरडा थांबला. दोघेही एकमेकांना शिकवीत आहेत आणि दोघांनाही त्याची जाणीव नाही. यातून सुटण्याचा मार्ग परिचारिका व्याख्यानाने शिकवीत नाही. ती वॉर्डातच, आईच्या देखत, तोच प्रसंग हाताळून दाखविते: नकार थोड्या शब्दांत, एकदाच, आवाज न चढविता, लोळण्याकडे दुर्लक्ष, परंतु नजर मुलावर, आणि मूल स्वतःहून उठले त्या क्षणी मनापासून शाबासकी. मग दुसऱ्या दिवशी आई करते आणि परिचारिका पाहते. पहिले काही दिवस लोळणे वाढते, हे आधी सांगून ठेवलेच पाहिजे, अन्यथा तिसऱ्या दिवशी आजोबा गुपचूप चॉकलेट देतात आणि सर्व श्रम वाया जातात. आजोबांना म्हणूनच पहिल्या दिवशीच बोलावून घ्यावे.

अन्नत्यागाच्या विकारात कुटुंबाचे सामर्थ्य आणखी ठळकपणे दिसते. किशोरवयीन मुली स्वतःला उपाशी मारू लागतात तेव्हा एकेकाळी त्यांना घरापासून दूर नेणे हाच इलाज मानला जाई. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात रसेल, डेअर, आयस्लर आदींनी याच्या उलट पद्धत विकसित केली आणि तिचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध केले: आजार कशामुळे झाला हा वाद बाजूस ठेवून मुलीला जेवू घालण्याची जबाबदारी आईवडिलांनी एकमताने उचलावयाची. कोवळ्या वयात व आजार जुना होण्यापूर्वी ही पद्धत विशेष फलदायी ठरली. येथे परिचारिका ताटाशेजारी बसते, प्रत्येक घासावर घासाघीस करीत नाही, जेवणानंतर तासभर मुलीजवळ थांबते, आणि आईबापांपैकी एकजण कडक व दुसरा मवाळ झाला की दोघांना बाजूला घेऊन ती फट बुजविते. कारण आजार नेमका त्या फटीतूनच शिरत असतो.

घरी पाठविण्याचा दिवस जवळ आला की सर्वांत दुर्लक्षित राहते ते धाकटे किंवा थोरले भावंड. महिनाभर त्याला मावशीकडे ठेवलेले असते, त्याला कोणी काही सांगितलेले नसते, आणि त्याच्या मनात दोन प्रश्न असतात: मी त्या दिवशी त्याच्याशी भांडलो म्हणून तर हे झाले नाही ना, आणि मलाही हे होईल का? पहिल्याचे उत्तर निःशंक ‘नाही’ असे द्यावे. दुसऱ्याचे त्याच्या वयाला झेपेल इतके खरे द्यावे, आणि दोन्ही उत्तरे आईवडिलांच्या समक्ष द्यावीत, म्हणजे घरी गेल्यावर तोच विषय पुन्हा निघाला की त्यांना शब्द शोधावे लागत नाहीत. शाळेचा प्रश्नही तितकाच निकडीचा. पालकांची संमती असेल तर मुख्याध्यापकांना जे पत्र द्यावयाचे त्यात रोगाचे नाव लिहिण्याची सहसा गरज नसते. मुलाला पहिल्या बाकावर बसवावे, पहिले दोन आठवडे अर्धा दिवसच बोलवावे, वर्गात घुसमट झाली तर कोणत्या एका शिक्षकाकडे जाण्याची मुभा असावी, दुपारचे औषध असल्यास ते कोणी द्यावे, आणि काय दिसले असता कोणाला कळवावे, एवढा मजकूर पुरे. हे पत्र परिचारिकेने लिहून डॉक्टरांची सही घ्यावी, आणि शक्य तर मुलालाही वाचून दाखवावे. त्यातील एखादे वाक्य त्याला खटकले तर ते बदलता येते.